गलबताची बाजू

ब्रशच्या टोकाला लोंबणारा रंगाचा थेंब तिने डबीच्या काठावर निपटला आणि कपाटाच्या दारावर दोनच्या आकड्यापुढे 'बर्फाचा' असं लिहून टाकलं. खाली स्टूल धरून उभ्या असलेल्या दादाने नाक मुरडलं. बर्फाचा अल्बम त्याच्या मते सातव्या जागेच्याही लायकीचा नव्हता. त्यातला गिटारवाला एकदा बसला की चिवट पाहुण्यासारखा उठायचं नाव घेत नाही, असं तो गेली वीस वर्षं सांगत होता. ती गेली वीस वर्षं ऐकत नव्हती.

कपाट तिच्या कामाच्या खोलीतलं होतं. आत लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले. ती दातांच्या कवळ्या बनवायची, आणि मेणात दात बसवताना तिला मोठ्या आवाजातलं मेटल संगीत लागायचं. साधंसुधं नव्हे, क्षणाक्षणाला ताल बदलणारं प्रोग्रेसिव्ह, नाहीतर मागे अख्खा वाद्यवृंद आणि पुढे वरच्या पट्टीतली गायिका असलेलं सिम्फनिक. त्याने दात सरळ बसतात असा तिचा अनुभव होता. तिच्या दर वाढदिवसाला ती आणि दादा आपापल्या आवडत्या दहा अल्बमांची यादी खडूने या दारावर लिहीत आणि संध्याकाळपर्यंत भांडत. परदेशी नावं जिभेवर नीट बसत नाहीत म्हणून अल्बमांना त्यांनी घरचीच नावं ठेवली होती : भोंगा, बर्फाचा, दोन गायिकांचा, आणि चोवीस मिनिटांचं एकच गाणं असलेला लांबोडका.

आज तिला पन्नास पूर्ण झाली होती. पन्नाशीनंतर मत बदलणाऱ्या माणसाचा काही भरवसा नाही, असं सकाळीच जाहीर करून तिने खडू बाजूला ठेवला होता आणि ऑइलपेंट आणला होता. आजची यादी कायमची.

पहिली जागा अजून रिकामी होती, पण तिथे 'गलबत' येणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. ती सोळा वर्षांची असताना दादाने मित्राच्या रेकॉर्डवरून कॅसेटवर उतरवून दिलेला तो अल्बम. आधी वादळ, फाटणारी शिडं, अंगावर कोसळणारे ड्रम, समुद्राला हाका मारणारी एक बाई. मग बंदरातल्या घंटा, संथ कोरस आणि धक्क्याला लागलेलं गलबत. त्या घंटा ऐकताना तिच्या हातातली मेणाची सुरी दर वेळी थांबायची. दादाच्या यादीत मात्र गलबत एकदाही आलं नव्हतं, अगदी दहावंसुद्धा नाही. हा अपमान तिने चौतीस वर्षं जपून ठेवला होता.

एवढ्यात दादाची लेक काखेत चौकोनी पुडकं घेऊन आली आणि ते तिने आत्याच्या हातात दिलं. आत गलबताची मूळ रेकॉर्ड होती. चार महिने जुन्या दुकानांचे उंबरठे झिजवले तेव्हा कुठे मिळाली, असं भाचीने सांगितलं. आत्याने तिला घट्ट कवटाळलं आणि तिच्या सदऱ्याला निळा रंग फासला. पहिला नंबर लिहिण्याआधी रेकॉर्ड ऐकायचीच असं ठरलं. आधी लिहून तरी घे, रंग वाळतोय, असं दादा दोनदा म्हणाला, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती.

सुई टेकली, आणि घंटा वाजल्या.

"उलटी बाजू लावलीस," ती म्हणाली.

"नाही गं आत्या. बघ, एक नंबरची आहे."

तिने चष्मा लावून पाहिलं. रेकॉर्डवर एकचाच आकडा होता. पाकिटावरच्या गाण्यांचा क्रमही तोच होता. मग तिघांनी दोन्ही बाजू ऐकल्या. गलबत घंटांच्या नादात थाटामाटाने बंदरातून निघालं, दुसऱ्या बाजूला वादळात सापडलं, त्या बाईने हाका मारल्या, आणि शेवटी नुसता वारा उरला. गलबत परत आलंच नाही.

भाचीला हसू आवरेना. दुनियेच्या कानांना नावं ठेवणारे हे दोघे दर्दी, आणि पहिल्या नंबरचं डोकं कुठलं न शेपूट कुठलं याचा पत्ता नाही. आत्याही हसली, पण ब्रश हातात घेतल्यावर तिला कळेना की आता लिहायचं काय. तिचा जीव ज्या अल्बमावर होता तो कुणी केलाच नव्हता.

"दादा, तू कॅसेटच्या बाजू चुकवल्यास."

दादा नखाने स्टुलावरचा रंग खरवडत होता.

"चुकवल्या नव्हत्या," तो म्हणाला. "बाबांचं पत्र येत नव्हतं ना, तेव्हाची गोष्ट आहे ती."

बाबा मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला होते. त्या वर्षी नऊ आठवडे त्यांची काहीच खबर नव्हती. आई चार ताटं वाढायची आणि कुणाशी बोलायची नाही. एकोणीस वर्षांच्या दादाने मित्राकडे ती रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली आणि बसने न येता चालत घरी आला. दुसऱ्या दिवशी त्याने बहिणीसाठी कॅसेट भरली, ती आधी दुसरी बाजू आणि मग पहिली. दहाव्या आठवड्यात बाबा काळेठिक्कर होऊन, पण धडधाकट परतले, आणि दारात पाऊल टाकताच म्हणाले, आधी हा गोंगाट बंद करा.

"मग नंतर तरी सांगायचंस."

"तू त्याला पहिला नंबर देऊन बसलीस. कोणत्या तोंडाने सांगणार?"

"आणि तुझ्या यादीत का नाही?"

"मी एकदाच ऐकलं होतं, ठमे. पुन्हा लावायची हिंमत नाही झाली."

ती स्टुलावर चढली आणि एकच्या आकड्यापुढे ठसठशीत अक्षरांत लिहिलं : गलबत. त्याखाली बारीक अक्षरांत : दादाने भरलेलं. मग खाली उतरून तिने रेकॉर्ड उचलली, दुसरी बाजू वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"लाव," तो म्हणाला. "या वेळी तुझ्या बाजूने ऐकू."

वादळ सुरू झालं तसा तो खुर्चीत आखडून बसला. बाईच्या हाका आल्या तेव्हा त्याने डोळे मिटले. वारा थांबला, तिने रेकॉर्ड पालटली, आणि घंटा वाजू लागल्या. कोरस संपेपर्यंत तो हललाही नाही. मग त्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला.

"परत लाव," तो म्हणाला. "आणि माझ्या यादीत हे कितवं येतं, त्यावर भांडायला बस."