विमलाच्या वाट्याचं पागोटं

"बाई, पेटी किती वेळ दाबून ठेवणार? पोरं खुर्च्या आपटायलीत मांडवात!" प्राध्यापक बन्सीधर लेडीज रूमचं दार न वाजवताच आत आले.

सुमंगलाबाईंनी मान वर केली नाही. टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग होता आणि पायाशी फाडलेल्या चिठ्ठ्यांचा त्याहून मोठा. पुण्या-मुंबईकडे ज्याला फिशपाँड म्हणतात, ते आमच्याकडचे शेलापागोटे. गॅदरिंगच्या आधी आठवडाभर पेटी ठेवायची, मुलांनी एकमेकांवर निनावी ओळी लिहून टाकायच्या आणि शेवटच्या दिवशी त्या मांडवात वाचायच्या. ज्याचं नाव निघेल त्यानं स्टेजवर यायचं, वांगं, मुळा, खुळखुळा असलं काहीतरी बक्षीस घ्यायचं आणि हसत खाली उतरायचं. मुलगे हसत उतरतात. मुली कशा उतरतात ते बघायला कोणाला वेळ असतो?

अख्ख्या कॉलेजात बाई म्हणून एकट्या सुमंगलाबाई. त्यामुळे मुलींचं म्हणून जे काही असेल ते त्यांच्या गळ्यात. रांगोळी स्पर्धा त्यांची, पाककृती त्यांची, संक्रांतीचं हळदीकुंकू त्यांचं, लेडीज रूमची किल्ली त्यांची. इतिहास शिकवण्यासाठी नेमलंय, हे प्राचार्यांच्याही लक्षात राहिलं असेल की नाही, शंकाच होती. नवरा पूर्ण्याला रेल्वेत, तो शनिवारी यायचा. बाकीचे दिवस बाई आणि हे कॉलेज. शेलापागोट्यातली घाण उपसायचं कामही दरवर्षी त्यांच्याच डोक्यावर, कारण मागे एकदा एका मुलीच्या भावानं मांडवात काठी आणली होती.

"पाचच मिनिटं द्या," बाई म्हणाल्या.

"तुमी समदं मीठ काढून टाकता आणि मंग आमी अळणी वाचतो." बन्सीधर हसले. त्यांना वाचायची हौस दांडगी. प्रत्येक चिठ्ठीला स्वतःची फोडणी दिल्याशिवाय चैन पडत नसे. "लवकर आणा बरं," म्हणून ते गेले.

बाईंच्या मुठीत एक चिठ्ठी होती, ती त्यांना बन्सीधरांना दाखवायची नव्हती. विमलाचं नाव आणि बोर्डिंगमधल्या एका मुलाचं नाव, मध्ये दोन घाणेरड्या ओळी. तो मुलगा दलित वस्तीतला, विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूनं सभेत उभा राहून बोललेला. विमला चारठाण्याच्या व्यंकटरावांची लेक, तीस एकर कापसाच्या घरातली. एकदा एसटी बंद पडली म्हणून तिचा तास बुडला, तेव्हा त्यानं तिला वही दिली होती. तीही बाईंच्या देखत, बाईंनीच सांगितलं म्हणून. मागच्या पावसाळ्यात गावोगाव काय झालं, कोणाची घरं जळली, हे सगळ्यांनी पाहिलेलं. तरी या कार्ट्यांना हे लिहिताना काही वाटलं नाही. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी चिठ्ठीचे इतके बारीक तुकडे केले की बोटं दुखली.

पण नुसती फाडून भागणार नव्हतं. लिहिणारे मांडवातच बसलेले. विमलाचं नाव आलंच नाही तर तेच खालून ओरडणार, "विमलाचं कुठंय? विमलाचं वाचा!" आणि मग जे कागदावर होतं ते तोंडी बाहेर येणार. शिवाय पहिल्या रांगेत खुद्द व्यंकटराव बसले होते. त्यांना बाईंनीच निरोप पाठवून बोलावलं होतं. आंदोलनात कॉलेज कितीतरी दिवस बंद राहिलं, सत्र लांबलं, म्हणून त्या वर्षी गॅदरिंग, बक्षीस समारंभ आणि शेवटच्या वर्षाचा निरोप असं सगळं एकाच दिवशी, परीक्षेच्या तोंडावर उरकायचं होतं. विमलाला वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस होतं. बापानं लेकीला बक्षीस घेताना डोळ्यांनी बघावं, त्याची छाती फुगावी आणि त्या फुगल्या छातीवर बाईंनी परभणीच्या बी.एड.चा विषय काढावा, असा सगळा बेत होता.

बाईंनी कोरा कागद घेतला. अक्षर बदलून लिहिलं:

"फुफाटा असो की कडक ऊन,
विमला बसते पहिल्या बाकावर सगळ्यांच्या आधी येऊन."

त्यांना ते बरं वाटलं. साधं, सोज्वळ, आणि खरंही. लवकर येऊन वर्ग उघडणाऱ्या बाईंना ती रोज तशीच दिसायची, पदरानं कपाळावरची धूळ पुसत पुस्तक काढणारी. चिठ्ठी पेटीत टाकून त्यांनी पेटी बाहेर पाठवली.

मांडवात बन्सीधर रंगात आले होते. एकाला मुळा मिळाला, एकाला कंगवा. प्रत्येक चिठ्ठी वाचून झाली की ते मिशीवरून बोट फिरवत म्हणायचे, "हे कोणी लिहिलंय ते आम्हाला ठाऊक आहे, पण आम्ही सांगणार नाही!" आणि मांडव कोसळायचा. वर्षानुवर्षं हेच एक वाक्य. त्यांना कधी काहीही ठाऊक नसे.

विमलाची चिठ्ठी निघाली. बन्सीधरांनी ती सूर लावून, गाण्यासारखी वाचली. मागच्या रांगांतून शिट्टी आली. विमला उठली, स्टेजवर चढली. मुलांनी आणलेली पत्र्याची खेळण्यातली एसटी तिच्या हातात ठेवत बन्सीधर नेहमीसारखेच म्हणाले, "हे कोणी लिहिलंय ते आम्हाला ठाऊक आहे, पण आम्ही सांगणार नाही!"

विमला हसली. खरोखर हसली, चेहरा उजळून. आणि व्यंकटरावांनी डोक्यावरचा रुमाल नीट केला.

ते आरडाओरडा करणारे गृहस्थ नव्हते. चार चिठ्ठ्या होईपर्यंत तसेच बसून राहिले, मग उठून मुलींच्या रांगेकडे गेले, हातानंच विमलाला उठायची खूण केली. बाई धावत मागे गेल्या तोवर बापलेक फाटकाबाहेर, स्टँडच्या वाटेला लागले होते. पुढे बक्षिसाला विमलाचं नाव पुकारलं, दोनदा पुकारलं, आणि पाहुण्यांनी तिचा कप टेबलावर परत ठेवला.

त्यानंतर कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे "सुमंगलाबाईंचं विद्यार्थ्यांना मार्गदर्शन" होतं. बाई माईकपुढे उभ्या राहिल्या. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करू नका, प्रश्न दोनदा वाचा, उपाशीपोटी पेपरला येऊ नका. दरवर्षीचं तेच. नंतर म्हणायचं असायचं, काही झालं तरी परीक्षेला बसा. ते वाक्य गाळून त्यांनी माईक सोडला. टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

दुसऱ्या दिवसापासून विमला आली नाही. आठवड्यानं चारठाण्याच्या एका मुलानं बातमी आणली, स्थळ बघणं चाललंय, वैशाखाच्या आत उरकणार.

बाई प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्य दिनकरराव सहीची कागदं बाजूला न सारताच म्हणाले, "बाई, आधीच या वर्षी आपण कसंबसं तोंड वर काढलंय. आता कोणाच्या घरात घुसायचं?"

"घुसायचं नाही सर. एवढंच सांगायचं, की ती चिठ्ठी मी लिहिली होती."

"तुम्ही?" दिनकररावांनी चष्मा काढला. "हे बाहेर बोलू नका. लोक म्हणतील, प्राध्यापक चिठ्ठ्या लिहितात!"

बन्सीधरांना चारठाण्याला सोबत येता का विचारलं, तर त्यांनी हातच झटकले. "अहो, मी तर समद्यांनाच म्हणतो तसं! त्यात काय येवढं?"

"तेच तुम्ही येऊन सांगा ना त्यांना."

"काहून मला भांडणात घालायल्या बाई? लेकराबाळांचा मानूस मी."

रविवारी बाई एकट्याच एसटीत बसल्या. चारठाण्याला उतरून जुन्या देवळाच्या बाजूनं, विचारत विचारत घर गाठलं. व्यंकटरावांनी ओसरीवर सतरंजी टाकायला लावली, पाणी आणवलं. मान द्यायला माणूस कुठे कमी पडला नाही. हेच बाईंना जास्त अवघड जात होतं.

"व्यंकटराव, ती चिठ्ठी मी लिहिली होती."

"तुमी?"

"मीच. दुसरं कोणी काही वाईट वाचू नये, म्हणून मी चांगलं लिहिलं."

"म्हंजी वाईट लिवणारं बी कोन तरी व्हतं." व्यंकटराव शांतपणे म्हणाले.

बाई सावध झाल्या. आणखी एक खरा शब्द बोललं की फाडलेल्या चिठ्ठीतल्या त्या मुलाचं नाव निघणार. "पोरं सगळ्यांबद्दलच लिहितात," त्या म्हणाल्या.

"बाई, तुमी मास्तरीन मानूस. तुमी कशाला असलं लिवताल? तुमाला पोरीची माया हाय, म्हनून तुमी पांघरून घालायलाव. मला कळतंय. पन त्ये मास्तर समद्या मांडवाफुडं बोलले, कोन लिवलं ते ठावं हाय, सांगनार न्हाई. मंग ते तुमालाच म्हनले का?"

"ती त्यांची सवय आहे. ते सगळ्यांनाच तसं म्हणतात."

"सवय?" व्यंकटरावांनी बाईंकडे असं पाहिलं की बाईंना स्वतःचंच बोलणं खोटं वाटलं. "बरं, सोडा. माझी पोर समद्याच्या आधी येऊन बसती, हे ज्याला ठावं हाय, त्यो बी समद्याच्या आधी येत आसंल का न्हाई? मी अडानी मानूस, पन येवढा हिशेब मला येतो."

"मी येते आधी! वर्ग मी उघडते, व्यंकटराव! मी बघते तिला रोज!" बाईंचा आवाज चढला. शेजारच्या ओसरीवरच्या बायका थांबून बघायला लागल्या.

"वरडू नका बाई. गाव ऐकायलंय." मग त्यांनी स्वतःचाही आवाज खाली आणला. "नाव सांगा. मी काय कुनाचा जीव घ्यायला न्हाई निघालो. पन नाव न्हाई सांगत तुमी, म्हंजी नाव सांगण्यासारखं न्हाई. हे वर्स कसं गेलं, तुमी बी पायलं. माझ्या पोरीपायी गावात काई झालेलं मला न्हाई पायजे."

 लिहिणारा कोणी मुलगा नव्हताच, हे पटवायला बाईंजवळ काही नव्हतं, आणि समोरचा माणूस दुष्टही नव्हता की त्याला चार शब्द सुनावून मोकळं व्हावं. "निदान परीक्षा तरी," त्या म्हणाल्या. "मी स्वतः तिला नेते, आणून सोडते. तीन वर्षं शिकलीय हो पोर."

"शिकली तेवढं लय झालं. मी कवा न्हाई म्हनलो न्हवतो शाळेला. पन आता न्हाई." त्यांनी हात जोडले. बोलणं संपलं.

चहा घेऊन विमला आली. डोक्यावर पदर, हातात नवा हिरवा चुडा, सुपारी फुटून लग्न ठरल्याची खूण. बापानं तिला बाईंना वेशीपर्यंत पोचवायला सांगितलं, सोबत धाकट्या चुलतीला दिलं. चुलती दोन पावलं मागून चालत होती.

"चुकलं माझं, विमला," बाई म्हणाल्या.

"न्हाई बाई. मला आवडलं होतं ते." विमला खाली बघत बोलत होती. "स्टेजवर चढतानाच वळखलं मी, तुमीच लिहिलंय म्हनून. माझ्याकडं असं कोन कवा बघितलं होतं?"

"मग घरी सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. म्हनले, बाईचं नाव फुडं करायलीस."

बाईंना रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. कोणावर, ते ठरवता येत नव्हतं. दिनकररावांवर, बन्सीधरांवर, त्या शिट्टी मारणाऱ्यांवर, की दोन ओळी जुळवून खूश झालेल्या स्वतःवर. समोरून एसटी धूळ उडवत आली.

"बाई," विमला घाईनं म्हणाली, "पेपर झाल्यावर प्रश्नपत्रिका धाडताल का? येवढं पाठ केलंय मी. घरी बसून लिहून बघीन. पेपर लिहायला काई कोन नको म्हननार न्हाई."

परीक्षा अखेर झाली. इतिहासाचा पेपर संपला तशी बाईंनी एक उरलेली प्रश्नपत्रिका घडी करून चारठाण्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिली. तीन दिवसांनी त्यानंच स्टँडवर त्यांना हाक मारून एक पुडकं हातात ठेवलं.

बाईंनी ते रात्रीच्या जेवणाआधीच सोडलं. दोऱ्यानं शिवलेले फुलस्केप कागद. डाव्या बाजूला समास आखलेला, पहिल्या पानावर स्वच्छ अक्षरात बैठक क्रमांक, विषय, तारीख. प्रत्येक प्रश्न नव्या पानावर, बाईंनी तीन वर्षं सांगितलं होतं तसा. शेवटचं उत्तर अर्धवट तोडलेलं आणि खाली एक ओळ, "वेळ संपला."

घड्याळ लावून लिहिलं होतं पोरीनं.

विद्यापीठाकडून तपासायला आलेले दुसऱ्या केंद्रांचे गठ्ठे टेबलावर पडले होते. बाईंनी लाल पेन उघडलं आणि विमलाचा पेपर बाकीच्यांइतकाच कडक तपासला. एका तहाचं साल चुकलं होतं, तिथे अर्धा गुण कापला. बेरीज केली, दोनदा करून पाहिली, वर्तुळात आकडा लिहिला, खाली सही केली. मग सवयीनं तो उचलून गठ्ठ्यात ठेवायला गेल्या, आणि कुठल्या गठ्ठ्यात ठेवायचा ते न कळून, पेपर हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.