सहा माणसांचा तंबू

मित्रांनो, मी एक जुना फौजी तंबू आहे आणि स्वभावाने तापट आहे. तसा होणारच! जाड सुयांनी भोसकून मला शिवलं, घणाने खुंट्या ठोकून जमिनीला जखडलं, वादळांनी दोर तोडून फरफटवलं. फौजेतून मोडीत निघालो आणि पुलगावच्या बाजारात येऊन पडलो.

१९७४ साली तिथे आष्टीकडचा शेतकरी प्रेमदास कुटुंबासह आला. रानडुकरं त्याचा भुईमूग उकरत होती, म्हणून पीक निघेपर्यंत सगळे शेतावरच राहणार होते. त्याला लहान तंबू चालला असता. बायको कमला मात्र हटून बसली. भर बाजारात तिने मला उभा करायला लावला आणि नवरा, सासू भागीरथाबाई व चार लेकरांना आत आडवं केलं.

"पाय ताणा! बुढीले कूस बदलाले जागा पाहिजे."

सहाही जण ऐसपैस मावले. लोक हसले, मला मात्र तिचं कौतुक वाटलं. पण तिने स्वतःला मोजलंच नव्हतं, आणि इतर कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. शेतावर जागा कमी पडली तेव्हा ती म्हणाली, "माह्यं काय, मी दाराशी लेटीन."

आठव्या दिवशी उजाडता उजाडता प्रेमदास डबा बडवत डुकरं पिटाळत होता. मोठ्या सुळ्यांचा एक नर उलटला आणि थेट माझ्या दारावर आला. कमला उठते न उठते तोच त्याने तिच्या मांडीत सुळा खुपसून वर ओढला. रक्त माझ्या कापडावर उडालं. आत लेकरं किंचाळत होती; मांडी फाटली तरी तिने दार सोडलं नाही. प्रेमदासने धावत येऊन कुऱ्हाड घातली. तिसऱ्या घावाला डुकराचं डोकं फुटलं. तडफडताना त्याने माझी एक बाजू टराटरा फाडली, पण माझा जीव कमलेत अडकला होता.

संध्याकाळी दवाखान्यातून परतलेल्या प्रेमदासने ती वाचल्याचं सांगितलं. भागीरथाबाईने त्याच्या छातीवर बुक्क्या मारल्या. "आपण पसरून लेटलो, अन् ते तुले दिसली नाई? मलेही दिसली नाई रे!" मग दाभण घेऊन तिने माझ्या फाटक्या बाजूला गोणपाटाचा रुंद पट्टा जोडून मला एका माणसाने वाढवलं.

महिन्याने कमला लंगडत आली. "तू लेट पहिले," सासू म्हणाली, "मंग आमची जागा पाहू." कमला मधोमध आडवी झाली. जागा भरपूर होती, तरी ती अंग चोरूनच झोपली. ते मला सुळ्यापेक्षा जास्त लागलं.

म्हणून मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझं फाटलेलं शिवता येतं. तंबू निवडताना बाहेर उभं राहून जागा मोजणाऱ्या आईला आधी आत घ्या. ती नको म्हणेल. ऐकू नका.