रामजन्माची बंदूक

माझ्या नावावर एक बंदूक आहे हे कळलं की लोक मला पुन्हा एकदा नीट न्याहाळतात. त्यांचाही दोष नाही. मी मार्केट यार्डातला गुळाचा आडत्या. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, आणि संध्याकाळी पुण्यात जिथे कुठे कीर्तन असेल तिथे पहिल्या सतरंजीवर मी. पण आजोबांनी घेतलेली एकनळी बंदूक वडिलांकडे आली आणि वडिलांकडून परवान्यासकट माझ्याकडे. तिला वर्षात एकच काम. रामनवमीला दुपारी बाराला आमच्या राममंदिराच्या मागच्या अंगणात आभाळाकडे तोंड करून एक बिनगोळीचा बार काढायचा. राम जन्मले की ती पुसून पुन्हा कपाटात.

हा बार म्हणजे माझी हौस असं आमच्या तेजसला वाटतं. तेजस माझा मुलगा, हिंजवडीला कंपनीत असतो. पण आमच्या अनंतबुवांचं जन्माचं कीर्तन त्या बारावर चालतं. बुवांचं वय एक्याऐंशी. आवाज अजून घंटेसारखा, कान मात्र पार गेलेले. आख्यान रंगलं की ते डोळे मिटतात, म्हणजे घड्याळही गेलं. मग दशरथाचा यज्ञ, पायसाची वाटणी आणि राण्यांचे डोहाळे असं ते लांबवत राहतात. बार झाला की तो त्यांना पायाखालच्या फरशीतून कळतो, आणि त्याच क्षणी ते जन्म सांगून पाळणा धरतात. गेली चाळीस वर्षं असंच चाललंय.

एकदाच चुकलं. दोन हजार चार साली निवडणुकीमुळे बंदुका पोलीस ठाण्यात जमा होत्या, म्हणून आम्ही सुतळी बॉम्ब लावला. तो पावणेबारालाच उडाला. बुवा तेव्हा यज्ञात होते. बार झाला म्हटल्यावर त्यांनी इमानाने पाळणा धरला, म्हणजे राण्यांनी पायस खाण्याआधीच राम जन्मले! त्यावर आमच्या मंदिरात पाच वर्षं वाद चालू होता.

तो मिटत आला तोवर दोन हजार नऊ उजाडलं. पुन्हा लोकसभा, पुन्हा आचारसंहितेत रामनवमी. शिवाय बुवांचा मुलगा त्यांना मे महिन्यात कायमचं अमेरिकेला नेणार होता. म्हणजे हे त्यांचं इथलं शेवटचं जन्माचं कीर्तन. त्यात तरी राम वेळेवर जन्मावेत एवढीच माझी इच्छा होती.

या वेळी मी निर्धास्त होतो, कारण आता आमचं मंडळ होतं. परवानाधारक हितवर्धक मंडळ, सभासद एक्केचाळीस. कचेरी मंडईजवळ एका मसाल्याच्या गिरणीच्या माडीवर. नाव मोठं असलं तरी काम साधं: परवान्याचं नूतनीकरण, वारसाची नोंद, निवडणुकीत खरी गरज असेल त्याला सूट. हे सगळं करायचे कोंडीराम. बँकेच्या दारात एकतीस वर्षं बंदूक घेऊन बसलेला माणूस, एकदाही चाप न ओढलेला. कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो हे त्यांना तोंडपाठ. कात्रजच्या घाटाखाली डाळिंबाची बाग एकटीनं सांभाळणाऱ्या मुक्ताईंच्या नावावर त्यांच्या नवऱ्याची बंदूक सात महिने खेटे घालून कोंडीरामांनीच करून दिली. नाहीतर रानडुकरांनी बाग केव्हाच संपवली असती.

मंडळात खोट होती ती अध्यक्षांची. मच्छिंद्रशेठ पायगुडे. बिल्डरला जमीन दिल्यापासून अंगात पांढरे कपडे, पायात पांढरे बूट आणि कमरेला रिव्हॉल्व्हर. सभेत विषय कुठलाही असो, तो शेठवर येऊन थांबायचा. दोन वेळा सभा त्यांच्या पुतण्याच्या लग्नात झाली. आम्ही रांगेत उभे राहून पाहुण्यांना अत्तर लावलं आणि इतिवृत्तात 'संघटन मजबूत केले' अशी नोंद झाली.

फेब्रुवारीत त्यांचा वाढदिवस आला. चौकात वीस फुटी फ्लेक्स लागला. वर 'शस्त्रसम्राट' असं लिहून शेठ उभे, खाली शुभेच्छुक म्हणून आम्ही बाकीचे चाळीस जण, प्रत्येकाच्या फोटोखाली नाव आणि बंदुकीचा प्रकार. माझा फोटो त्यांनी काल्याच्या कीर्तनातला उचलला होता. हात जोडलेले, डोळे पाणावलेले, आणि खांद्यावर कॉम्प्युटरनं चिकटवलेली मशीनगन.

"बाबा," तेजसनं ऑफिसातून फोन केला, "आमच्या टीममध्ये फोटो फिरतोय. खाली लिहिलंय, डेडलाइन चुकली तर हे काका येतील."

मार्चमध्ये निवडणूक जाहीर झाली. कोंडीरामांनी सुरेख अर्ज लिहिला: आमचे सभासद शांत वृत्तीचे असून शस्त्रांचे प्रदर्शन कदापि करीत नाहीत, सबब सूट मिळावी. आम्ही दोघं तो घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी अर्ज पूर्ण वाचला. घडी घातली.

"कदापि?" ते म्हणाले.

"कदापि," कोंडीराम म्हणाले.

"मागे वळून खिडकीतून बघा बरं."

खिडकीसमोर तो फ्लेक्स होता. शेठनी सगळ्या पुण्यात नेमकी ठाण्यासमोरची जागा निवडली होती.

"ही यादी करायला माझ्या माणसांना आठ दिवस लागले असते," साहेब म्हणाले. "तुमच्या अध्यक्षांनी फोटोसकट दिली. आभार कळवा त्यांना."

संध्याकाळपर्यंत एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बंदुका जमा. मुक्ताईंचीसुद्धा.

मंडळात आग पेटली. रामनवमीनंतरच्या रविवारी खास सभा ठरली. विषय: अध्यक्षांना हटवणे, न जमल्यास मंडळच सोडणे. तेजसचं मत होतं की मी सभेचीही वाट बघू नये.

"राजीनामा द्या बाबा. असल्या माणसामागे तुम्ही कशाला उभे राहता? आणि बाराचं म्हणाल तर बंदुकीचा आवाज मी डाउनलोड करतो, स्पीकरवर लावू."

"राम काय डाउनलोड होतात का रे?" मी म्हणालो. पण उत्तर देऊन प्रश्न सुटला नव्हता.

सोडवला तो पुन्हा कोंडीरामांनी. मला न सांगता ते ठाण्यात एकटेच जाऊन बसले, तीन दिवस. चौथ्या दिवशी साहेबांनाच त्यांची सवय झाली.

"एक बंदूक, एक बार, अर्धा तास," साहेबांनी मला बोलावून सांगितलं. "हवालदार घेऊन येईल, हवालदार घेऊन जाईल. पण मला मंडळाच्या अध्यक्षाच्या सहीचं हमीपत्र हवं. उद्या पेपरात काही आलंच तर माझ्याऐवजी कोणाचं नाव छापायचं, ते आधीच ठरलेलं बरं."

म्हणजे ज्याला रविवारी घालवायचं त्याच्याच दारात शुक्रवारच्या रामनवमीआधी जायचं.

मच्छिंद्रशेठ झोपाळ्यावर बसले होते. हमीपत्र बघून त्यांनी पेन काढलं, टोपण उघडलं आणि हात थांबवला.

"वैजनाथराव, सही करतो. पण रविवारी तुमचा हात माझ्या बाजूनं."

"शेठ, हा काय सौदा झाला?"

"तुम्ही आडते आहात, तुम्हाला कळायला पाहिजे. तुम्ही माळकरी. तुमचा हात वर गेला की मागून दहा हात जातात. द्या शब्द."

मी शब्द दिला. घरी येताना मला दशरथाची फार आठवण येत होती. त्याला निदान मागणारी कैकेयी तरी देखणी होती.

रामनवमीला अकरा वाजता मंदिर भरलं. पावणेबाराला हवालदार गोणपाटात गुंडाळलेली बंदूक घेऊन आले. आणि मच्छिंद्रशेठही आले, सोबत फोटोग्राफर. 'हमी माझी, तर मी बंदुकीशेजारी उभा राहणार,' असं त्यांचं म्हणणं. आम्ही मागच्या अंगणात गेलो. आत बुवा डोहाळ्यांना पोचले होते. मी बंदूक भरली. बाराला पाच मिनिटं असताना शेठनी माझी बाही ओढली.

"वैजनाथराव, फार आवाज होतो का हो?"

"शेठ, तुमच्या कमरेला एवढं रिव्हॉल्व्हर असतं."

"असतं ना. वाजवलंय कुठं कधी? दुकानदारानं दाखवताना वाजवलं होतं, तेव्हा मी बाहेर चहाला गेलो होतो."

"मग आत जाऊन बसा."

"हमी माझी आहे," शेठ म्हणाले. चेहरा कपड्यांसारखा पांढरा झाला होता, पण हलले नाहीत. तेवढं मानायला हवं.

बाराचा टोल पडला. मी चाप ओढला. कबुतरं उडाली, आत गुलाल उधळला गेला, आणि फरशीतून बुवांच्या पायांना निरोप पोचला. त्यांचा आवाज एकदम चढला आणि पाळणा सुरू झाला. वेळेवर, पायसानंतर, डोहाळ्यांनंतर, सगळं रीतसर. मी बंदूक हवालदारांच्या हातात दिली आणि डोळे पुसले.

शेठ जागेवर नव्हते. ते तुळशी वृंदावनामागे उकिडवे बसले होते. दोन्ही कानांत बोटं, डोळे घट्ट मिटलेले, ओठ थरथरत होते. फोटोग्राफरनं फोटो काढला होता. "डिलीट कर," शेठ डोळे न उघडता म्हणाले. पाळणा म्हणणाऱ्या एका आजींना वाटलं की यांची समाधी लागलीय. त्यांनी शेठच्या पाया पडून हातावर सुंठवडा ठेवला.

तो खाल्ल्यावर शेठ आत येऊन शेवटच्या सतरंजीवर बसले. प्रसादाच्या वेळी बुवांनी त्यांच्या कपाळाला बुक्का लावला. "बार आपण काढलात वाटतं? उत्तम झाला!"

समोर दोनशे माणसं होती, फोटोग्राफर होता. शेठनी माझ्याकडे पाहिलं. "नाही बुवा, वैजनाथरावांनी."

"काय म्हणालात?"

"वैजनाथरावांनी काढला!"

"शतायुषी व्हा!" बुवा म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

रविवारी सभेला सगळे हजर. मिरच्यांचे दिवस, खाली गिरणी धडधडत होती. तिखटाचा धूर लाकडी जिन्यातून वर येत होता. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळे कोणाला खरंच वाईट वाटतंय ते कळायला मार्ग नव्हता. ठराव मुक्ताईंनी मांडला.

"मला त्येंच्या वाढदिवसाशी काय करायचं हाय? माजी डुकरं फ्लेक्स बघून पळत न्हाईत. ह्या आठवड्यात धा झाडं उपटली. अध्यक्ष बदला. न्हाईतर ह्ये मंडळच नगं."

"नको, नको!" दहा-बारा जण शिंकतच ओरडले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेठही.

मी उभा राहिलो. "माझा हात शेठच्या बाजूनं जाणार आहे. का, तेही सांगतो. रामजन्माच्या हमीपत्राच्या बदल्यात मी तो त्यांना दिलाय. दिलेला शब्द मी मोडणार नाही. पण माझा हात बघून तुम्ही कोणी हात वर करू नका. तो विचार करून वर गेलेला नाही, गरजेपोटी गेलाय."

"म्हंजे तुमाला कोन पायजे?" मुक्ताईंनी विचारलं.

"मला मंडळ पाहिजे. पेटीवाला बेसूर निघाला तर पेटीवाला बदलतात हो, कीर्तन कशाला बंद करायचं? कोंडीरामांनी तीन दिवस ठाण्यात काढले नसते तर परवा बुवा अजून डोहाळेच सांगत असते. उद्या तुमच्या डुकरांसाठी कोण जाऊन बसणार आहे तिथं?"

"मग बदला की! हात खाली घ्या!"

"शब्द दिलाय, मुक्ताई."

माडी हसण्यानं हलली. मोजणी झाली. ठरावाच्या बाजूनं एकोणचाळीस, विरुद्ध एक. शेठचं स्वतःचं मत पडलंच नाही, कारण त्या क्षणी दोन्ही हातांनी नाकाला रुमाल धरून ते शिंकत होते. मंडळ चालू ठेवायला मात्र सगळे होते. अध्यक्षपदी मुक्ताईंची निवड झाली. त्यांनी पहिलं काम म्हणून फ्लेक्स उतरवायला दोन माणसं पाठवली आणि कोंडीरामांना डुकरांचा अर्ज लिहायला बसवलं.

मी जिना उतरलो तर शेठ खालच्या पायरीवर बसलेले.

"दहा हात मागून येतील म्हणालो होतो मी."

"ते मीच अडवले, शेठ."

"ऐकलं ना. शिंकत होतो, बहिरा नव्हतो." त्यांनी रुमालाची घडी घातली. "पण शब्द पाळलात. सगळ्या सभेत मला एकच मत, आणि तेही नाइलाजाचं." त्यांनी रुमाल खिशात टाकला. "आता मी काय करू? राजीनामा देऊन जाऊ?"

मी काही बोलायच्या आत वरून कोंडीरामांचा आवाज आला. ते हातात कागद घेऊन अर्धा जिना उतरले होते.

"शेठ, निघू नका. तुमच्या परवान्याची मुदत जूनमध्ये संपतेय. फॉर्म काढून ठेवलाय, सही करून जा. नंतर खिडकीवर गर्दी होते."

शेठनी वर पाहिलं. "मी आता अध्यक्ष नाही, कोंडीराम."

"ते मी आत्ताच इतिवृत्तात लिहिलं. पण सभासद आहात ना?"

शेठ उठले, बूट झटकले आणि कोंडीरामांच्या मागे जिना चढायला लागले. मीही मागोमाग गेलो, कारण सहीला साक्षीदार लागतो. दारात त्यांची पावलं जराशी अडखळली. आत मुक्ताई अर्ज वाचत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "खुर्ची माजी हाय. बाकावर जागा हाय."