शेवटच्या अंथरुणाचा प्रवास

मी चटई बोलतेय. पाहुण्यापुढे टाकायचं बसकर नव्हे की मासे वाळवायचं तरट नव्हे, मी मरणाची चटई, प्रेताला गुंडाळून पुरायची. माझ्यावर जिवंत माणसाने पाठ टेकायचीच नव्हती. पण टेकली, आणि त्यातून जे घडलं ते सांगायला इथे दुसरं कुणी उरलेलं नाही. मी वाळूखाली आहे, माझ्या कडा कुजल्या आहेत, तेव्हा बोलायचं ते आत्ताच बोललेलं बरं.

प्रशांत महासागरातल्या ओनोटोआ बेटावर कारोटू नावाच्या म्हातारीने मला विणलं. केवड्याची पानं तिने स्वतः निवडली, त्यांचे काटे सोलले, विस्तवावरून फिरवून लाकडाने चेचली, चिरून बारीक पट्ट्या केल्या. मांडी घालून ती विणायला बसली की शेजारणी थट्टा करायच्या, "अगं, इतकी घट्ट कशाला? तुला काय पावसात झोपायचंय?"

"सैल विणली तर आत वाळू येते," कारोटू म्हणायची. "तेव्हा उठून झटकणार कोण? तू?"

विणून झाल्यावर तिने माझी गुंडाळी करून आढ्याला बांधली. आमच्याकडे म्हातारी माणसं आपली चटई आपणच विणून ठेवतात आणि मग निर्धास्त होतात. अधूनमधून ती मला खाली काढायची, ऊन दाखवायची, नाकाशी धरून वास घ्यायची आणि परत वर बांधायची. मी वाट बघत होते. मला घाई नव्हती आणि तिला तर नव्हतीच.

मग पाऊस रुसला. अळूच्या खड्ड्यांतलं पाणी खारं झालं, नारळ मुठीएवढे धरायला लागले. गावच्या मोठ्या छपराखाली सगळे जमले आणि ठरलं, की काही घरांनी उगवतीकडच्या एका रिकाम्या बेटावर राहायला जायचं. सरकारी बोट नेणार होती. बोटीवरच्या साहेबाने अट घातली: आधी धडधाकट माणसं, म्हातारी पुढच्या बोटीने. आणि दर माणशी एकच गाठोडं, पाण्यातून चालत जाताना डोक्यावर पेलवेल एवढंच.

त्या दिवसांत मी आढ्यावरून माणसांची गंमत बघितली. जो तो गाठोडं बांधायचा, सोडायचा, पुन्हा बांधायचा. कारोटूची लेक बेइती खवणी आत टाकायची, बाहेर काढायची. तिच्या नवऱ्याला, नाकिबाएला, माडी काढायची सुरी आणि गळ सोडून काहीच लागत नव्हतं, म्हणून तो सगळ्यांना शहाणपण शिकवत फिरत होता. त्यांची लहानगी तेराओई विचारत होती, "मी कुणाच्या गाठोड्यात?"

निघायच्या सकाळी कारोटूने मला खाली काढलं आणि लेकीपुढे टाकलं.

"ही घे. अंथरायला."

"आई! ही तुझी आहे. ही कशी नेऊ मी?"

"मग झोपणार कशावर? तिथे काय घरं बांधून ठेवलीत तुमच्यासाठी? उघड्या वाळूवर पोरीचे कान खेकडे कुरतडतील. आहेत त्या सगळ्या चटया फाटक्या."

"आणि तुला काही झालं तर?"

"मला काय धाड भरलीये? दुसरी विणीन. नाहीच जमलं तर झावळी आहे."

नाकिबाएने तोंड वाकडं केलं. "सासूबाई, मरणाची चटई नव्या बेटावर न्यायची, हे काही बरं लक्षण नाही."

"मग तू उभ्याने झोप," कारोटू म्हणाली, आणि विषय तिथेच संपला.

बोट हलली तेव्हा बेइतीने मला छातीशी धरलं होतं. किनाऱ्यावर म्हातारी एकदाही डोळे न पुसता उभी होती. मला वाईट वाटलं. ज्या देहासाठी मी जन्मले तो देह मागे राहत होता.

नवं बेट दिसायला देखणं होतं. माड होते, पक्षी होते, प्रवाळाच्या कड्याआतलं पाणी निळंशार होतं. पण कुठेही धूर नव्हता, आणि धूर नसलेल्या किनाऱ्यावर पाय ठेवणं आमच्या माणसांच्या अंगवळणी नाही. आमची रीत अशी, की परक्या बेटावर उतरलं की तिथल्या वडीलधाऱ्याने ओली वाळू उचलून तुमच्या दोन्ही गालांना लावायची. म्हणजे तिथले होऊन गेलेले तुम्हाला ओळखतात आणि त्रास देत नाहीत. इथे वाळू लावणार कोण? सगळे कमरेएवढ्या पाण्यात डोक्यावर गाठोडी घेऊन थांबले आणि आमच्यातल्या सगळ्यात वडील माणसाकडे, तोआकाईकडे, बघायला लागले.

तोआकाईने बराच वेळ बेटाकडे बघितलं. मग म्हणाला, "कुणी नाही. ज्याचं त्याने लावून घ्या."

आपल्याच हाताने आपल्याच गालाला वाळू! बायका एकमेकींकडे बघेनात. पण उन्हात किती वेळ उभं राहणार? लावली आणि वर आले.

पहिले काही आठवडे सगळे उघड्यावरच झोपले. दिवसभर झुडपं तोडायची, विहीर खणायची, अंधार पडला की जिथे सपाट जागा दिसेल तिथे पसरायचं. बेइतीला झाडीत एक छान सपाट जागा मिळाली. प्रवाळाचे दगड कुणीतरी चौकोनात रचलेले होते आणि मध्ये बारीक खडी होती. दगडांवर शेवाळ चढलेलं, बाजूने झाड उगवून म्हातारं झालेलं.

"कुणाचं हे?" तिने विचारलं.

"जुनं आहे," तोआकाई म्हणाला. "आपल्या आधी कुणीतरी राहून गेलं असेल. कोण, कुठून आले, कुठे गेले, ठाऊक नाही."

"आता नाहीत ना?"

"आता कुठे कोण दिसतंय?"

तेवढ्यावर बेइतीने माझी गुंडाळी तिथे सोडली. चुलीसाठी नाकिबाएने त्या चौकोनातले दोन दगडही काढून नेले.

खरं सांगते, सुरुवातीला मला जिवंत माणसांची ऊब सोसवेना. ती कूस बदलतात, घोरतात, झोपेत हसतात. तेराओई तर भोवऱ्यासारखी फिरायची. पण हळूहळू मला ते आवडायला लागलं. पहाटे नाकिबाए माडावर चढून वरूनच मोठ्याने गायचा, बेइती डोळे न उघडता म्हणायची, "बेसूर मेला," आणि पोर खुदकन हसायची. मला वाटलं, मरणाच्या चटईचं नशीब उघडलं.

आणि मग माझ्या रिकाम्या कडेला कुणीतरी झोपायला लागलं.

तिकडे कुणी नसायचं. तरी तिथे वजन यायचं, हलकं आणि गार, जपून टेकलेलं. सकाळी त्या जागी माझी वीण दबलेली असायची आणि खालची वाळू दमट. बेइती हात फिरवून बघायची आणि मला उलटं टाकायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच.

पोरीला मात्र त्याचं काहीच वाटत नव्हतं. अंथरूण पडलं की ती म्हणायची, "आई, सरक ना. आजीला जागा कर."

पहिल्यांदा बेइती हसली. नंतर हसेनाशी झाली.

"काय करते आजी?"

"थंडी वाजते तिला. मी तिला धरून झोपते ना."

तेराओई खाईनाशी झाली. भर दुपारीही तिचं अंग गार लागायचं. मासा भाजून पुढे धरला तर तोंड फिरवायची, हाक मारली तर वेळाने ओ द्यायची. जिला धरून ती झोपायची तिच्या गारठ्यातला थोडा थोडा गारठा तिच्यात उतरत होता. मला ते कळत होतं आणि मी काही करू शकत नव्हते. माझ्यावरच चाललं होतं सगळं!

बेइतीने जे समजायचं ते समजून घेतलं. एका संध्याकाळी ती चुलीपाशी बसली होती, एकदम म्हणाली, "आई गेली."

नाकिबाएने हातातला गळ खाली ठेवला.

"गेली, आणि तिला चटई नव्हती. चटई मी घेऊन आले. ती आपली वस्तू शोधत आली आहे. पोरीला सोबत नेणार ती."

"मी म्हटलं होतं," नाकिबाए पुटपुटला, आणि बायकोचा चेहरा बघून त्याला ते बोलल्याचा पश्चात्ताप झाला. "जाळून टाकू या का?"

"हात लावून बघ!" बेइतीने मला ओढून मांडीखाली घेतलं. "आईचं दुसरं काय आहे माझ्याकडे?"

पण पोर मान वर करेना, तेव्हा तिची हिंमत खचली. ती तोआकाईकडे गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं. "जिची वस्तू तिला द्यायला हवी," तो म्हणाला. "देह समुद्रापलीकडे आहे, पण ती स्वतः इथेच आली आहे असं म्हणतेस ना? मग इथेच दे."

दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी खड्डा खणला, त्याच दगडी चौकोनात. सगळी वस्ती आली. बेइतीने मला खोबरेल लावलं, प्रेताला लावतात तसं. बायकांनी कारोटूच्या नावाने गळा काढला. बेइती इतकी रडली की तिला धरावं लागलं. मग त्यांनी मला रिकामीच गुंडाळली, दोऱ्या बांधल्या आणि चौघांनी उचललं.

"जड आहे गं," नाकिबाए हळूच म्हणाला.

मला खड्ड्यात ठेवलं आणि वरून वाळू लोटली. नाकिबाएने चुलीतले ते दोन दगड थंड करून आणले आणि जागच्या जागी बसवले.

सकाळी तेराओई उठून बसली आणि मासा मागितला. बेइतीने अख्खा मासा तिच्यापुढे ठेवला आणि ती खाताना बघत राहिली. वरून चाललेल्या त्यांच्या पावलांवरून मला सगळं कळत होतं. पोर पुन्हा धावायला लागली होती.

मग बऱ्याच दिवसांनी पुढची बोट आली. किनाऱ्यावर आरडाओरडा झाला, माणसं पळाल्याची धडधड माझ्यापर्यंत पोचली. बाकीचं मला नंतर ऐकून कळलं. नाकिबाएच्या हातून माडीने भरलेली करवंटी पडली. डोक्यावर गाठोडं घेऊन, गुडघ्याएवढ्या पाण्यातून शिव्या देत, कारोटू चालत येत होती.

"पळताय काय मेल्यांनो! हे गाठोडं कोण धरणार?"

"आई, तू... तू गेलीस ना?" बेइती म्हणाली.

"गेले असते तर एवढा घाम फुटला असता का?"

सगळी हकिकत ऐकून म्हातारी आधी पोट धरून हसली. मग तिने विचारलं, "रडलीस का तरी?"

"खूप."

"चला. पुढच्या वेळचा त्रास वाचला. आता माझी चटई काढा वर. विणायला बोटं चालत नाहीत आता, आणि मला झावळीत जायचं नाही."

नाकिबाएने खणायला सुरुवात केली. मला उजेड दिसणार एवढ्यात तेराओई मध्ये येऊन उभी राहिली.

"नको ना. आजीला थंडी वाजेल."

कारोटू तिच्यापुढे वाकली. "अगं, आजी मीच. मीच येत होते ना तुझ्याशेजारी?"

पोरीने तिच्याकडे नीट निरखून बघितलं. "नाही. तू आमची आजी. ती इथली आजी."

नाकिबाएचा हात थांबला. आमच्या भाषेत आईच्या आईला, रस्त्यावरच्या कुठल्याही म्हातारीला आणि फार पूर्वी होऊन गेलेल्या पूर्वजांनाही हा एकच शब्द आहे. पोर तो शब्द म्हणत होती आणि बेइतीला त्यात आपली आई ऐकू येत होती. कुणाची आजी, असं एकानेही विचारलं नव्हतं.

कारोटूने त्या दगडांकडे बघितलं. मग खाली बसली आणि जमिनीशी बोलली, जशी शेजारणीशी बोलायची तशीच. "बाई, न विचारता तुझ्या अंगावर झोपली ही पोरं. अक्कल नाही त्यांना. चटई ठेव तू. घट्ट विणलीये, वाळू यायची नाही. माझी नात मात्र मला राहू दे." तिने तिथलीच वाळू उचलली, ओली केली आणि एकेकाला जवळ बोलावून गालांना लावली. साहेबालाही लावली. तो काय समजला कुणास ठाऊक, पण हलला नाही.

नंतर वाकड्या बोटांनी कारोटूने दुसरी चटई विणली, माझ्याइतकी सुबक नाही. मेल्यावर त्याच चटईत ती माझ्या शेजारी आली. आता दोघी असतात इथे. कारोटू अखंड बडबडते, दुसरी, ती इथली आजी, ऐकते. कारोटू तिला पुन्हा पुन्हा नाव विचारते. ती सांगत नाही, की तिला आठवतच नाही, मला कळत नाही. जिच्या अंगाला मी इतकी वर्षं लपेटून आहे तिला काय म्हणून हाक मारायची, हे मलाही ठाऊक नाही.

वरची माणसंही आता गेली. विहीर आटली तेव्हा साहेबाने सगळ्यांना पुन्हा गाठोडी बांधायला लावली आणि बोटीत घालून दुसऱ्याच बेटावर नेलं. बेइतीने जाताना कपाळ जमिनीला टेकवलं. तेव्हापासून वर कुणाची पावलं वाजत नाहीत.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी कधी सांगितलं असेल, की आपली काही माणसं होडी घेऊन एका बेटावर गेली आणि परत आली नाहीत, तर त्यांतल्या बायकांची नावं आठवून बघा. एकेक करून मोठ्याने म्हणा, आम्ही ऐकतोय. माझे धागे सुटत चाललेत, फार दिवस मी पुरणार नाही. मी विरले की तिच्या अंगावर काहीच उरणार नाही. निदान नाव तरी असू दे.