आल्याचा गुण

कुणी विश्वास ठेवणार नाही, पण काकूंना दिवस गेले होते तेव्हा पलीकडच्या गल्लीत कुणी कांदा चिरला तरी त्या इकडे बादली शोधत. असं त्याच सांगत, आणि लाँड्रीत त्यांच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती.

"पाण्याला वास येतो का गं? मला यायचा," उशीच्या अभ्र्यावर इस्त्री फिरवत काकू म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाला, बाई, इथे काय करताय? पोलिसात जा, चोर हुंगून काढाल."

शेजारच्या टेबलावरची नवी पोरगी हसली. तिला दिवस गेलेत हे मुकादमाला ठाऊक नव्हतं. खळीची वाफ उठली की ती तोंड दाबून मोरीकडे पळायची. मागे एकीचं असंच कळलं, तेव्हा मुकादमाने 'आराम कर' म्हणत तिला कायमची घरी बसवली होती. म्हणून काकूंनी हिच्या कानात सांगून ठेवलं होतं: सकाळी पाय जमिनीला लागायच्या आत सुका टोस्ट खायचा, आणि इथे आल्याचा तुकडा मीठ लावून दाढेखाली धरायचा. पोरगी मोरीकडे पळाली की काकू मुकादमाला गप्पांत गुंतवत. तेवढं काम त्यांना झोपेतही जमलं असतं.

"माझी मळमळ एका सकाळी थांबलीच. एवढं आलं पोटात गेलेलं, की पोरगा जन्मला तो रडला नाही, शिंकला."

"आता केवढा आहे?" पोरीने मुद्दाम विचारलं.

"आगबोटीवर असतो. दाराला डोकं आपटतं म्हणून कप्तानाने त्याला उघड्यावरच खाट टाकून दिलीय."

कोपऱ्यात काकूंची नणंद चादरींच्या घड्या घालत राहिली. भावजयीचा हा मुलगा वर्षागणिक उंच होत गेला, पण तिने कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

"काकू, तुमच्या आल्याला मानलं," पोरगी म्हणाली. "कालपासून मळमळ साफ गेलीय. कंबर तेवढी धरलीय." मग आवाज उतरवून, "सकाळी जरासा डाग दिसला. एवढं चालायचंच ना?"

"चालायचंच," काकूंच्या तोंडून सवयीने गेलं. हात मात्र जिथल्या तिथे थांबला. अभ्रा करपल्याचा वास सगळ्यांना आला, काकूंना आला नाही.

नणंदेने अर्धवट घडीची चादर टेबलावर टाकली.

"पुरे झालं, वहिनी. आल्यानं नव्हती थांबली तुझी मळमळ. तूही अशीच कंबर धरून दिवसभर इथे उभी राहिलीस, मुकादमाला कळू नये म्हणून. संध्याकाळी रक्तानं भरलेली तुझी चादर मी धुतली. कुठला पोरगा आणि कुठली आगबोट. ठेव ती इस्त्री, आणि हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात घेऊन जा."