उपासाच्या चक्कीतला गहू

मी चक्की बोलतेय. एरवी मी तोंड उघडलं की नुसती घरघर होते आणि माणसं ओरडतात, "बंद करा वो ते, काही ऐकू नाही येऊन राहिलं!" आज बटन बंद आहे. तेवढ्यात मनातलं सांगून घेते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथं मला कुंकू लावायला कोणी नव्हतं. ते लागलं भंडारा जिल्ह्यात, मोहाडीपासून थोडं आत, तलावाच्या काठावरच्या एका गावात. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. बचत गटाच्या बायांनी मला बैलगाडीतून आणलं आणि कुंताबाईच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, ठेवलं.

कुंताबाई गटाची अध्यक्षीण. सोमवार, एकादशी, प्रदोष, काही चुकवायची नाही. मला आणायची कल्पनाही तिला उपासातूनच सुचली. एका एकादशीला तिनं दुकानातून शिंगाड्याच्या पिठाचं पाकीट आणलं. पाकिटावर कुठल्या तरी दूरच्या गावाचं नाव, आणि दारातून समोर पाहिलं तर सगळा तलाव शिंगाड्याच्या वेलांनी झाकलेला. तिनं बायांना विचारलं, "आपल्याच तलावातला शिंगाडा बाहेर जाते अन् पीठ होऊन आपल्याच घरी महाग होऊन येते. मधात आपण काहून नाही?"

त्या 'मधात' मी येऊन उभी राहिले.

शिंगाडा काढायचे ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्यातली पार्वताबाई आणि तिचा नवरा. थंडीत डोंग्यातून, म्हणजे लहानशा होडीतून, पाण्यात हात घालायचे. शिंगाड्याला काटे असतात. तिची बोटं कायम टोचलेली. आधी व्यापारी काठावरच ओला माल उचलायचा आणि देईल तेवढं घ्यावं लागायचं. आता गट तिचा माल रास्त भावानं घ्यायचा. उकडणं, वाळवणं आणि फोडणं बायजाबाई आणि जनाबाईकडे. वर्षाअखेर जे उरेल ते सगळ्यांत वाटायचं, पार्वताबाईलाही. धंदाच होता तो, दानधर्म नव्हता. पण त्यातून चुली पेटाव्यात एवढ्यासाठी मांडलेला धंदा.

पहिल्या दिवशी कुंताबाईनं माझ्यापुढं नारळ फोडला आणि म्हणाली, "आजपासून हिचंही व्रत. हिच्यात फक्त उपासाचं दळाचं. गहू नाही, तांदूळ नाही, काही नाही."

बायजाबाई बौद्ध. ती हसून म्हणाली, "व्रत-नवस मी नाही मानत, बाई. पण साफसफाईचा नियम म्हनून मले पटते."

चक्कीला व्रत! मला केवढा अभिमान वाटला होता.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. महाशिवरात्र जवळ आली होती. आमचं वर्षाचं सगळं या एका सणावर. भंडाऱ्याचे किराणा दुकानदार घनश्यामशेट पहिल्यांदाच सगळा माल घेणार होते. नेमकी त्याच आठवड्यात गावातल्या गिरणीची मोटर जळाली.

संध्याकाळी पार्वताबाई दारात आली. पदराखाली डबा.

"कुंताबाई, तांदूळ सरले. रेशनचे गहू तेवढे हायेत. काल घुगऱ्या उकडून देल्ल्या, लहानीच्या पोटात दुखलं. एवढंसं दळून द्या ना वो."

कुंताबाईनं माझ्याकडं पाहिलं, मग डब्याकडं. म्हणाली, "टाक, माय. टाक लवकर."

आणि गहू माझ्यात आला. खरं सांगते, मला बरं वाटलं. शिंगाडा कोरडा आणि अबोल. गव्हाला ऊब असते, वास असतो. दळताना वाटलं, हे कोणाच्या तरी भुकेसाठी आहे. व्रत मोडताना मला आनंद झाला, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

दळण झालं. कुंताबाई कुंचा आणायला आत गेली आणि तेवढ्यात वीज गेली. "सकाळी झाडते," असं म्हणून तिनं माझं झाकण लावलं. सकाळी सोमवार. ती बेल वाहायला महादेवाच्या देवळात गेली. इकडं बायजाबाई लवकर आली, तिला काही ठाऊक नाही, तिनं शिंगाडा ओतून बटन दाबलं. माझ्या जाळीमागं गव्हाचं पीठ तसंच होतं. मला अडता आलं असतं. चक्क्या कधी कधी अडतात ना? मी अडले नाही.

कुंताबाई पूजेचं ताट घेऊन परतली, तेव्हा पीठ डब्यात पडत होतं. तिनं तोंड उघडलं. आणि मिटलं. पाकिटं भरली गेली, त्यावर 'शुद्ध उपासाचे' असा शिक्का बसला आणि माल भंडाऱ्याला गेला.

पुढचे दिवस ती माझ्याजवळून जायची, पण माझ्याकडं बघायची नाही. मलाही तिच्याकडं बघवत नसे.

शिवरात्र दोन दिवसांवर आली असताना गट बसला. पार्वताबाई आली आणि भोळेपणानं म्हणाली, "कुंताबाई, तुमच्या दळनानं लेकरं पोटभर जेवली वो त्या दिवशी. शंकर तुमाले काही कमी नाही पडू देनार."

मग जनाबाई ठसक्यात म्हणाली, "वा वो अध्यक्षीणबाई! मी मूठभर तांदूळ दळाले मांगितले तं मले व्रत सांगतलं. अन् आता?"

पार्वताबाईला आपण काय बोलून बसलो ते कळेना. "माह्यानं काही चुकलं काय?" ती उठायला लागली.

"तुह्यं नाही चुकलं, बस," कुंताबाई म्हणाली. "गहू दळला ते बी नाही चुकलं. मी चूप राहिली, ते चुकलं." आणि तिनं सगळं सांगितलं.

"चिमूटभर तं असंल," जनाबाईचा आवाज आता खाली आला. "माल वापस आणला तं साल बुडते आपलं. कोनाले कळनार हाये?"

बायजाबाई शिक्का हातात घेऊन बसली होती. "मी उपास नाही करत," ती म्हणाली. "पण हा शिक्का माह्या हातानं मारला मी. वर लिवलं ते आत पायजे. नाही तं आपल्यात अन् काठावरच्या व्यापाऱ्यात काय फरक?"

दुसऱ्या दिवशी कुंताबाई, बायजाबाई आणि जनाबाई माल परत आणायला भंडाऱ्याला गेल्या. परत आल्यावर जनाबाईनं घनश्यामशेटची नक्कल करून दाखवली, हात पोटावर ठेवून. "तुमी बी ना, कुंताबाई! देव काय चाळणी घेऊन बसला हाये काय?"

"मंग कुंताबाई काय म्हनाली?" कोणीतरी विचारलं.

"म्हने, देवाजवळ नसंल, शेट. माह्याजवळ हाये."

सगळ्या हसल्या. कुंताबाई मात्र हसली नाही. काही पाकिटं आधीच विकली गेली होती. ती कोणाच्या घरी गेली, ते शेटलाही ठाऊक नव्हतं.

शिवरात्रीच्या दिवशी त्या परत आलेल्या पिठाचं काय करायचं, हा प्रश्न पडला. कुंताबाईनं चुलीवर मोठी कढई ठेवली आणि शिरा केला. स्वतःचा निर्जळी उपास, तरी ढवळत बसली. ढिवरांच्या मोहल्ल्यातली सगळी लेकरं पंगतीला बसवली, माझ्या समोरच.

पार्वताबाईच्या लहानीनं बोट चाटलं. "माय, हे कायचं होय?"

"शिंगाड्याचं."

"आपल्या तलावातल्या?"

"हो, आपल्याच."

पोरीनं कच्चे शिंगाडे काठावर बसून खाल्ले होते. पण त्याचं पीठ त्यांच्या चुलीवर कधी गेलंच नव्हतं. ते विकायचंच. तिनं सरळ विचारलं, "मंग आपन पयले काहून नाही खाल्लं?"

कुंताबाईनं पदर डोळ्याला लावला. धूर होता म्हणा, पण चूल तर केव्हाची विझत आली होती.

मी विचार करत राहिले. तीन वर्षं मी एवढं पीठ दळलं, देवाच्या नावानं दळलं, आणि ज्या घराच्या बोटांत काटे रुतत होते त्या घरी मूठभरही गेलं नाही. त्या 'मधात' आम्ही सगळे उभे होतो. पार्वताबाईचं लेकरू कुठं उभं होतं? एका चुकीची वाट का पाहावी लागली?

पुढच्या वर्षी शेटनं माल घेतला नाही. बाया पिशव्या घेऊन भंडाऱ्याजवळच्या कारध्याला नदीकाठी पीठ विकायला बसल्या. बायजाबाई येईल त्या गिऱ्हाइकाला आधी मागच्या सालची हकिकत सांगायची. जनाबाई कपाळावर हात मारायची, "आधी गिऱ्हाईक पळवते, मंग पीठ इकते बाई हे!" काही जण उठून गेले. काहींनी मुकाट्यानं पिशवी पुढं केली. तेवढ्यावर गट तगला.

आता गटानं मोठी चक्की घेतली आहे. तिचंही व्रत आहे. पण तिच्यावर पहिला शिंगाडा दळला की ते पीठ आधी मोहल्ल्यातल्या चुलींवर जातं, मग शिक्का बाहेर निघतो. मी आता पार्वताबाईच्या सपरीत असते. माझे दगड झिजलेत, पट्टा सैल झालाय. गहू, तांदूळ, कोणी आणेल ते दळते. माझं व्रत सुटलं, पण अपराध सुटला नाही.

त्या शिवरात्रीला भंडाऱ्यातून आणलेल्या पिठाचं थालीपीठ तुम्ही कदाचित खाल्लं असेल. तुमचा उपास मोडला नाही, असं मी खोटं सांगणार नाही. मोडला. माझ्या पोटातून मोडला. दोष द्यायचा तर मला द्या, त्या गव्हाला देऊ नका. तो एका लहानीच्या पोटात जायला निघाला होता आणि त्यातलेच चार कण वाट चुकून तुमच्या ताटात आले. तुमच्या उपासाचं जे काही पुण्य असेल, ते त्या पोरीच्या नावानं सोडाल का? मग माझी घरघर थोडी हलकी होईल.

पार्वताबाई डबा घेऊन येतेय. दाबेल आता ती बटन.