दारापेक्षा चार बोटं जास्त

मी एक जुनं टेबल आहे. मित्रांनो, ‘एक’ म्हणालो खरं, पण त्यात थोडी थाप आहे. माझा माथा जेवणाच्या टेबलाचा, दोन्हीकडचे खण आरशाच्या टेबलाचे आणि मागे उभी आहे ती फळी एका लहान पलंगाच्या उशाकडची. तीन सामानांची मोडतोड झाली तेव्हा कुठे मी झालो. त्यामुळे माझं कूळ विचारू नका. सांधे मात्र खुशाल तपासा, नाव ठेवायला जागा सापडणार नाही.

खरं तर तेच माझं दुखणं आहे. माझे सांधे थोडे कच्चे असते, तर या घरात जे झालं ते कदाचित झालं नसतं.

मला ज्यांनी घडवलं त्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे. त्यांची बायकोसुद्धा ‘अहो मिस्त्री’ अशीच हाक मारायची, आणि रागावली की नुसतं ‘अहो’. चाळीस वर्षं मिस्त्रींनी लोकांच्या घरांत कपाटं, पलंग, टेबलं बसवली. त्यांचा एक शिरस्ता होता. कुणाकडे काम घ्यायला गेले की खोलीकडे नंतर बघायचे. आधी दार मोजायचे, मग जिना, मग जिन्याचं वळण. आणि जे काही करायचे ते स्क्रूवर जोडायचे, म्हणजे पुढेमागे उघडून नेता यावं. “लोक घरं बदलतात,” ते म्हणायचे, “कपाटाने त्यांच्या पायात पाय घालू नये.” गिऱ्हाईक नवंकोरं कपाट बघून खूश, आणि हे त्याच्या पुढच्या घराची काळजी करत उभे. असा माणूस.

त्या काळात मी म्हणजे माझा माथा. मी त्यांच्याच घरात जेवणाचं टेबल होतो. माणसं तीन आणि टेबल सहा जणांचं. “एवढं मोठं कशाला केलंत?” असं बायकोने विचारलं की मिस्त्री म्हणायचे, “माणसं वाढतील.” वाढली नाहीत. उलट एक कमी झालं. त्यांची एकुलती एक लेक शिकली, पुलांचे नकाशे काढायला लागली आणि नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. लहानपणी ती एका जागी बसायची नाही म्हणून तिला घरात भिंगरी म्हणायचे, आणि ते नाव तिला मोठेपणीही चिकटून राहिलं. ती गेल्यावर दोघं नवराबायको माझ्या एका कोपऱ्यात जेवायला लागली. उरलेल्या अंगावर वर्तमानपत्रं, औषधं, किल्ल्या आणि चष्म्याची रिकामी घरं. पुढे गुडघ्यांनी साथ सोडली तसं मिस्त्रींनी कामही थांबवलं. हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली. दिवसभर ते खिडकीत बसायचे आणि समोरच्या घराचं फाटक तिरकं बसवलंय म्हणून जीव जाळायचे.

मग एकदा भिंगरी घरी आली ती राहायलाच. तिचं ऑफिस दुसऱ्या इमारतीत जायचं होतं, तोवर सगळ्यांनी घरूनच काम करा असा निरोप होता. ती पलंगावर उशी घ्यायची, उशीवर लॅपटॉप, आणि तशीच आठ-आठ तास वाकून बसायची. चौथ्या दिवशी म्हणाली, “बाबा, माझी पाठ धरली. एखादं टेबल करून द्याल का? साधंसुधं चालेल.”

मिस्त्री चहा अर्धा टाकून उठले.

नवं लाकूड आणायला ते तयार नव्हते. म्हणाले, “बाजारात मिळतो तो दाबलेला भुसा. घरात चांगलं लाकूड पडलंय.” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भिंगरीच्या आईच्या ते लगेच लक्षात आलं.

“अहो, मग जेवायचं कुठे? तुमच्या डोक्यावर?”

“मांडीवर ताट घेऊन जेवता येतं.”

दोन दिवस धुसफूस चालली. तिसऱ्या दिवशी तिनेच आपल्या आरशाच्या टेबलाचे खण रिकामे करून दिले. आरसा केव्हाच तडकला होता. “हेही घ्या,” ती म्हणाली, “नाहीतरी त्यात बघण्यासारखं आता काय उरलंय.” भिंगरीचा लहानपणचा पलंग माळ्यावर धूळ खात होता, तोही खाली आला. मिस्त्रींनी फर्मान काढलं की काम भिंगरीच्या खोलीतच होईल, उगाच ने-आण नको. मला उलटं करून तिथल्या जमिनीवर टाकलं. रंधा फिरला, पॉलिशपेपर फिरला, वर्षानुवर्षांचे डाग निघाले. कानामागे पेन्सिल खोचलेले मिस्त्री चक्क शीळ घालत होते. गुडघे दुखतात हे ते विसरले होते.

आता जे सांगतो ते कुणीच पाहिलेलं नाही. एका दुपारी मायलेकी बाजारात गेल्या होत्या. मिस्त्रींनी टेप काढला आणि खोलीचं दार मोजलं. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग माझ्या पाठीवर रेघ मारली. त्या रेघेवर मला कापलं असतं तर मी दारातून अलगद बाहेर गेलो असतो. त्यांनी करवत उचलली आणि खाली ठेवली. आदल्या दिवशी भिंगरी फोनवर मैत्रिणीला सांगत होती, “नवी इमारत झाली की येणारच आहे मी परत. इथे किती दिवस राहणार?” ते मिस्त्रींच्या कानावर गेलं होतं, माझ्याही. बराच वेळ ते भिंतीला टेकून बसले. मग अंगठा ओला करून त्यांनी ती रेघ पुसली आणि दुसरी मारली, पहिलीच्या बाहेर चार बोटं. स्क्रूचा डबा त्यांनी उघडलाच नाही. चिकटवायचा सरस गरम केला, लाकडाच्या खुंट्या केल्या आणि माझा सांधा न् सांधा कायमचा पक्का करून टाकला. मित्रांनो, माणसांच्या मनातलं मला कळतं असा माझा दावा नाही. पण ज्याच्या हाताखाली लाकूड असतं त्याचा हात लाकडाला कळतो. तो हात घाबरलेला होता.

पुढचे आठ महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले महिने होते. भिंगरी सकाळी माझ्यासमोर बसायची आणि पडद्यावरच्या लोकांशी बोलत पूल काढायची. कुणीतरी विचारायचं, हे टेबल कुठून घेतलं? ती म्हणायची, “बाबांनी केलंय.” हे ऐकायला मिळावं म्हणून मिस्त्री त्या वेळी खोलीवरून दोनदा तरी जायचे, पाणी प्यायचं निमित्त करून. दुपारी स्टूल घेऊन आत येऊन बसायचे आणि आधीच गुळगुळीत असलेला एखादा खण पुन्हा घासायचे. ती नकाशा दाखवायची, ते चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, “हा खांब बारीक वाटतो.” “बाबा, तो लोखंडी आहे.” “असू दे. बारीक वाटतो.” जेवणाची वेळ झाली की लॅपटॉप बाजूला सरकवून तिघंही माझ्यावरच जेवायची. आईने पहिल्या दिवशी नाक मुरडलं, दुसऱ्या दिवसापासून तीच सगळ्यांच्या आधी ताटं मांडायला लागली.

मग ऑफिसातून निरोप आला. इमारत तयार आहे, पंधरा दिवसांत हजर व्हा. ज्यांना घरूनच काम करायचं आहे त्यांनाही परवानगी मिळेल, मात्र मोठी जबाबदारी मिळणार नाही. भिंगरी दोन दिवस तो निरोप पुन्हा पुन्हा वाचत होती. तिसऱ्या दिवशी मिस्त्री स्टुलावर बसले असताना तिने विचारलं, “बाबा, जाऊ का मी?”

“तुझं तू ठरव.”

“नाही, पण तुम्हाला काय वाटतं? जाऊ?”

मिस्त्रींनी खण बाहेर ओढला, आत सरकवला. “काम मोठं असेल तर जावं माणसाने,” ते म्हणाले, आणि खणावर वाकून बसले. ती त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी खणातून मान वर केली नाही. मी तिथेच होतो, मित्रांनो. दोघांच्या मध्ये होतो.

ती सामान बांधायला लागली. म्हणाली, “बाबा, टेबल मी घेऊन जाणार. टेम्पोवाला परवा येतोय.” मिस्त्री फडक्याने मला पुसायला लागले. टेम्पोवाल्याने मला उभं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं. मी दारात अडकलो तो अडकलोच. भिंगरी हसून म्हणाली, “बाबा, तुम्ही दार मोजलं नव्हतं?”

ज्या माणसाने चाळीस वर्षांत मापात एक चूक केली नव्हती तो माणूस परक्या टेम्पोवाल्यासमोर म्हणाला, “राहून गेलं. चुकलं माझं.”

भिंगरीच्या आईने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. 

“मग मधोमध कापून द्या ना,” भिंगरी म्हणाली, “तिकडे कुणाकडून तरी जोडून घेईन.” मिस्त्रींनी करवत आणली. माझ्या कडेवर ठेवली. करवतीचे दात मला लागत होते, पण हात काही पुढे जाईना. शेवटी म्हणाले, “नको. कापलं तर टिकणार नाही.” आणि करवत घेऊन बाहेर निघून गेले.

भिंगरीचा चेहरा पडला. जाताना ती आईला एवढंच म्हणाली, “त्यांना द्यायचं नसेल तर तसं सांगायचं. मी मागितलं नसतं.” मिस्त्री फाटकाशी उभे होते. त्यांना हे ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. मला मात्र गेलं. माझ्याइतकं तिचं काहीच नव्हतं, आणि ती मला परक्याचं समजून गेली.

त्यानंतर मिस्त्री रोज सकाळी कोरड्या फडक्याने मला पुसायचे. बसले कधीच नाहीत. सुरुवातीला फोनवर ती विचारायची, टेबल कसं आहे? ते म्हणायचे, आहे. एकदा तिने सांगितलं की तिने तयार टेबल आणलंय, पण ते डुगडुगतं. “येऊन बघता का, बाबा?” मिस्त्री म्हणाले, “त्यासाठी मी कशाला? पायाखाली कागदाची घडी घाल.” फोन ठेवल्यावर त्यांनी हत्यारांची पेटी बाहेर काढली आणि उघडून बसले, जणू निघायचंच आहे. संध्याकाळी पेटी पुन्हा पलंगाखाली गेली. पुढे तिने माझं विचारणंही सोडलं. माझ्यावर इस्त्रीचे कपडे येऊन पडायला लागले, मग जुन्या पिशव्या. चौथ्या वर्षी मिस्त्री गेले. त्या दिवसापासून मला कुणी पुसलं नाही.

आज भिंगरी आईला कायमची आपल्याकडे न्यायला आली आहे. घर रिकामं होतंय. मला बघायला पिकल्या मिशांचा एक सुतार बोलावला होता. त्याने दार पाहिलं, मला पाहिलं आणि म्हणाला, “निघेल की. दाराची चौकट काढायची, टेबल बाहेर घ्यायचं, चौकट परत बसवायची. अर्ध्या दिवसाचं काम.”

“चौकट निघते?” भिंगरीने विचारलं.

“न निघायला काय झालं? मिस्त्रींनीच सांगितलं असतं तुम्हाला.”

“त्यांनी नाही सांगितलं. ते म्हणाले, दार मोजायचं राहून गेलं.”

सुतार हसला. “मिस्त्री? दार मोजायचं राहून गेलं?” मग वाकून माझ्याखाली शिरला. बोटांनी सांधे चाचपले, ठोकून पाहिले. बाहेर आला तेव्हा हसत नव्हता. “त्यांच्या हातची कपाटं मी घरोघरी उघडून पुन्हा जोडली आहेत, ताई. सगळी स्क्रूवर. खुंट्या ठोकून सरस भरलेलं हे एकच बघतोय. हे चुकून होत नाही. हे बाहेर जाऊ नये म्हणूनच केलंय.”

तो गेल्यावर भिंगरी कितीतरी वेळ माझ्यावर हात ठेवून उभी होती. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

“आई, तुला माहीत होतं?”

“ते चुकलं म्हणाले तेव्हाच कळलं मला.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“वाटलं, ते सांगतील. त्यांना वाटलं असेल, तुला कळेल.”

भिंगरी खाली जमिनीवरच बसली. “मी विचारलं होतं त्यांना,” ती म्हणाली. “जाऊ का म्हणून. दोनदा विचारलं होतं, आई.”

उद्या चौकट निघेल आणि मी या खोलीतून बाहेर पडेन. मित्रांनो, जुन्या लाकडावर गरम कप ठेवू नका, ओलं फडकं फिरवू नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. तोंडाने बोलायची गोष्ट आमच्याकडून वदवून घेऊ नका. आम्हाला ते जमत नाही. मी पाच वर्षं इथे उभा राहिलो आणि मिस्त्रींच्या मनातलं एक अक्षर तिच्यापर्यंत पोचवू शकलो नाही. ‘थांब’ म्हणायला एक श्वास पुरतो. मिस्त्रींना आठ महिने मिळाले होते.